वानखेडेवरची जागा

वानखेडे स्टेडियम उभं राहिलं ते बसायच्या जागांवरून झालेल्या भांडणातून. विक्रम, शतकं, विश्वचषक हे सगळं नंतरचं. मुंबईतल्या कसोटी सामन्याला आत कुणी बसायचं आणि हे ठरवायचं कुणी, या प्रश्नावर एक अख्खं मैदान बांधलं गेलं. म्हणून त्याचा इतिहास मला धावांच्या आकड्यांआधी तिकिटांपासून सांगावासा वाटतो.

मी अंजनवेलचा. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर आमचं गाव, समोरच्या काठाला दाभोळ. वर तुळाजी आंग्र्यांनी नाव दिलेला गोपाळगड, पुढे टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. हल्ली बाहेरच्या माणसाला गाव ठाऊक असतं ते वीजप्रकल्पामुळे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत आली. माझे वडील गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांमध्ये मी वाढलो आणि पुढे चर्चगेटला रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. कचेरीपासून वानखेडे चालत काही मिनिटांवर. ते बांधताना पाहिलं, भरताना पाहिलं, पाडून नव्याने उभारताना पाहिलं. आता निवृत्त होऊन गावी आलो आहे, पण त्या मैदानाविषयी बोलायचं ते एक प्रेक्षक म्हणूनच.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये जागेचा प्रश्न फार जुना. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना फक्त गोऱ्यांचा होता. लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होते त्या सुमारास समुद्रकाठची मैदानं धर्मवार वाटली गेली आणि आजच्या मरीन ड्राइव्हला लागून पारशी, हिंदू, इस्लाम असे जिमखाने ओळीने उभे राहिले. हिंदू जिमखाना १८९४ सालचा. चौरंगी आणि मग पंचरंगी सामने याच व्यवस्थेतून आले. संघ धर्माचे, मैदान धर्माचं, प्रेक्षकही त्याच हिशेबाने बसलेला. १९४० साली गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिलं आणि १९४६ नंतर ते कायमचे थांबले.

त्याच काळातला एक माणूस मला वानखेडेच्या इतिहासाचा पहिला माणूस वाटतो, जरी वानखेडे बांधलं गेलं तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती. पालवणकर बाळू. कोकणातलं पालवण हे त्यांच्या घराण्याचं मूळ गाव. बाळूंनी पुण्यात मैदान झाडण्यापासून सुरुवात केली. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. महिन्याला तीन-चार रुपये पगार. डावखुऱ्या फिरकीने त्यांनी गोऱ्या फलंदाजांना सतावलं, तेव्हा कुठे हिंदू संघात त्यांना घ्यावं का यावर वाद सुरू झाला, कारण ते चांभार समाजातले होते. घेतलं. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं त्या संघात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवरामही होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली.

मैदानावर त्यांचं काम सगळ्यांना हवं होतं. पॅव्हिलियनमध्ये मात्र त्यांना जागा नव्हती. पुढे मुंबईत जी मैदानं झाली त्यांच्याकडे मी याच मापाने पाहतो.

भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली, डिसेंबर १९३३ मध्ये, डग्लस जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध. लाला अमरनाथांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या, भारताकडून कसोटीतलं पहिलं शतक. त्या सामन्यासाठी मैदानाभोवती तात्पुरते मंडप आणि बाकं उभारावी लागली होती. गर्दी एवढी झाली की कायमचं स्टेडियम हवं हे सगळ्यांना पटलं. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला होता. अँथनी डिमेलो यांच्या खटपटीने क्लबला बॅकबेच्या भरावावर जमीन मिळाली. मे १९३६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि डिसेंबर १९३७ मध्ये, लॉर्ड टेनिसनचा संघ आलेला असताना, ब्रेबॉर्न स्टेडियमचं उद्घाटन झालं. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर देशातलं पहिलं मोठं क्रिकेट स्टेडियम.

ब्रेबॉर्न देखणं होतं, आजही आहे. १९४८ ते १९७३ पर्यंत मुंबईच्या सगळ्या कसोट्या तिथेच झाल्या. पण ते क्लबचं होतं. क्लबच्या सभासदांना पॅव्हिलियनमध्ये हक्काची जागा, खाली हिरवळीवर खुर्च्या. मुंबईचं क्रिकेट चालवणारी संस्था वेगळीच होती, १९३० साली स्थापन झालेली बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे खेळणारे शेकडो क्लब तिला जोडलेले. पावसात, चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून याच क्लबांच्या जिवावर चालत आली. रणजी करंडक मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं जिंकला, तो या मैदानांवरच्या मुलांच्या बळावर. आणि त्याच संस्थेला कसोटी भरवायची तर जागांसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागे. किती तिकिटं असोसिएशनला, किती क्लबला, यावर दर सामन्याला घासाघीस होई.

१९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. त्या वर्षानंतर क्रिकेट गिरणगावातल्या खोल्यांमध्ये शिरलं. आमच्या खोलीत एक ट्रान्झिस्टर होता, तो मधोमध ठेवून तिन्ही पाळ्यांची माणसं त्याच्याभोवती बसत. कसोटी आपल्याच शहरात, ट्रामच्या जुन्या रस्त्याने चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि तिकीट मात्र दिसायलाही मिळत नाही, ही चुटपुट त्या काळात हजारो घरांत होती.

असोसिएशनचे अध्यक्ष होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे. माणूस विदर्भातला, नागपूरचा, आणि १९७२ पासून महाराष्ट्र विधानसभेचा अध्यक्ष. आमदारांचा एक सामना ब्रेबॉर्नवर भरवायची विनंती घेऊन ते क्लबकडे गेले आणि क्लबने ती नाकारली, ही हकीकत क्रिकेटच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. क्लबच्या अध्यक्षपदी तेव्हा विजय मर्चंट होते, मुंबईच्या फलंदाजीचे आद्य आचार्य. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती आणि दोघांनाही क्रिकेटची कळकळ होती, हे मी मान्य करतो. पण त्या नकाराच्या मागे जागांवरून वर्षानुवर्षं साचलेली कटुता होती. वानखेड्यांनी ठरवलं, असोसिएशनचं स्वतःचं स्टेडियम बांधायचं. तेही ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर.

जागा मिळाली चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्टेशनांच्या मध्ये, रेल्वे रुळांच्या पश्चिमेला. मी नोकरीला नवा होतो. सकाळच्या लोकलमध्ये मरीन लाइन्स सुटलं की पश्चिमेच्या दाराकडे सरकायची सवयच लागली. आज खांब वर आले, उद्या पायऱ्यांचे ओतीव पट्टे चढले, परवा मधल्या मातीवर रोलर दिसला. वास्तुरचनाकार शशी प्रभू तेव्हा तरुण होते. साधारण तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. एवढ्या दाट वस्तीत, एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला इमारती असताना, एवढं बांधकाम इतक्या थोड्या वेळात होणं हा पराक्रमच होता. घाई का होती, तर वेस्ट इंडीजचा संघ येणार होता आणि त्या मालिकेतली शेवटची कसोटी इथेच करायची असा निश्चय होता.

२३ जानेवारी १९७५. मालिका २-२ अशी बरोबरीत. सहा दिवसांची कसोटी. मी कचेरीतून रजा काढून गेलो होतो, उघड्या काँक्रीटच्या पायरीवर बसलो होतो. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, पिशवीत पोळी-भाजीचा डबा. सिमेंट इतकं नवं की हाताला भुकटी लागे. क्लाइव्ह लॉइडने त्या मैदानाचा पाया खेळूनच घातला म्हणावं अशी खेळी केली, नाबाद २४२. वेस्ट इंडीजने ६ बाद ६०४ वर डाव सोडला. लॉइडच्या द्विशतकानंतर एक तरुण त्याचं अभिनंदन करायला कुंपण ओलांडून आत धावला. पोलिसांनी त्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बडवलं. मग लोकांचा तोल गेला. खुर्च्या मोडल्या, जाळपोळ झाली, त्या दिवसाचा उरलेला खेळ झाला नाही.

त्या दंगलीचं समर्थन मी करत नाही. पण तिची आठवण पुसूही नये. लोकांसाठी म्हणून बांधलेल्या मैदानाने पहिल्याच सामन्यात लोकांना कसं वागवायचं हा धडा घेतला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी कुंपणं उंच होत गेली.

त्याच कसोटीतली दुसरी गोष्ट मात्र मला जास्त मोलाची वाटते. भारताच्या पहिल्या डावात ४०६ धावा झाल्या. लान्स गिब्जने सात बळी घेतले. गावसकर ८६, विश्वनाथ ९५, आणि एकनाथ सोलकर १०२. सोलकरांचं कसोटीतलं ते एकुलतं एक शतक. सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी होते. कुटुंब जिमखान्याच्या आवारातल्या एका खोलीत राहायचं. पोरवयात एकनाथ तिथे धावफलकाचे आकडे बदलायचा. शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून, हेल्मेट नसलेल्या काळात त्यांनी २७ कसोट्यांत ५३ झेल घेतले. १९७१ च्या ओव्हलच्या विजयात त्यांच्या झेलाचा वाटा सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदू जिमखाना ते वानखेडे हे अंतर मरीन ड्राइव्हने सहज चालत जाण्याचं. पण माळ्याच्या खोलीतून नव्या स्टेडियमवर भारताच्या टोपीत येऊन शंभर धावा काढायला एका माणसाची अर्धी जिंदगी लागली. बाळूंच्या काळात जी गोष्ट अर्ध्यावर राहिली होती, ती त्या दिवशी थोडी पुढे सरकली असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

सामना आपण २०१ धावांनी हरलो, मालिका ३-२ ने गेली. टायगर पतौडींची ती शेवटची कसोटी ठरली. मैदान मात्र रुजलं.

पुढची पंधरा-वीस वर्षं वानखेडे हे आमच्यासारख्यांचं हक्काचं ठिकाण होतं. कसोटीला रांग लावावी लागे, पण रणजीला कुणीही जाऊन बसावं. कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही जायचो, एक-दोन षटकं पाहून परत. १९८१-८२ च्या मोसमात बंगालविरुद्ध सुनील गावसकरांनी ३४० धावा केल्या आणि पहिल्या विकेटसाठी गुलाम परकारांबरोबर ४२१ धावांची भागी रचली. गावसकरांचं घराणं मूळचं वेंगुर्ल्याचं. परकारांचा जन्म चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा. कालुस्ते वाशिष्ठीच्या काठी आहे. त्याच नदीचं पाणी पुढे येऊन आमच्या अंजनवेलच्या धक्क्याला लागतं. त्यानंतर परकार लॉर्ड्सवर कसोटी खेळले, तेव्हा आमच्या खाडीपट्ट्यातल्या मुसलमान वाड्या आणि आमच्या वाड्या, दोन्हीकडे सारखाच आनंद होता. मला तरी त्या वेळी कुणी धर्मवार वाटणी करताना दिसलं नाही.

१० जानेवारी १९८५ रोजी रवी शास्त्रींनी बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पूर्ण केलं. तेव्हा मैदानात प्रेक्षक थोडे. पण बातमी कचेरीत पोचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूचने मणिंदर सिंग आणि शास्त्रींना स्वीप मारमारून ११५ धावा काढल्या. आपण ३५ धावांनी हरलो. गावसकर चार धावांवर बाद झाले आणि तो त्यांचा शेवटचा एकदिवसीय सामना ठरला. मे १९९१ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात हरियाणाने मुंबईला दोन धावांनी हरवलं. सचिनच्या ९६ आणि दिलीप वेंगसरकरांच्या नाबाद १३९ धावांनीही सामना वाचला नाही, आणि शेवटचा गडी धावबाद झाल्यावर वेंगसरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहणारे आम्ही फुकटात आत बसलेले लोक होतो. मुंबईच्या रणजी संघावर शहर किती जीव लावतं हे मला त्या संध्याकाळी समजलं.

या मैदानाचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे. समुद्र अगदी जवळ, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी वारा सुटला की चेंडू हवेत वळतो. खेळपट्टी तांबड्या मातीची. तांबडी माती आवळून बसते आणि कडक होते, म्हणून चेंडू उसळतो. फलंदाजाला बॅटवर चेंडू नीट येतो, वेगवान गोलंदाजाला उसळी मिळते, आणि ती माती सुकून फुटायला लागली की फिरकीला चेंडू झपाट्याने वळतो. २००४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाला जिंकायला १०७ हव्या होत्या आणि ते ९३ वर संपले, त्याचं कारण या मातीत आहे. त्याच सामन्यात मायकेल क्लार्कनेही नऊ धावांत सहा बळी काढले होते. तांबड्या मातीची ही तऱ्हा आम्हा कोकणातल्यांना जन्मजात ठाऊक. भातकापणीनंतर आमची पोरं सड्यावर खेळतात. जांभ्यात यष्टी ठोकता येत नाही, म्हणून पत्र्याचा डबा मांडतात. टेनिसचा चेंडू दगडावर आपटून खांद्याच्या वर येतो. अशा पोरांना आखूड चेंडूची भीती राहत नाही.

खेळपट्टी सांभाळणाऱ्या माणसांची नावं फार कमी वेळा छापली जातात. सुधीर नाईक त्याला अपवाद ठरले. स्वतः भारताकडून कसोटी खेळलेला सलामीचा फलंदाज, आणि नंतर वानखेडेचा क्युरेटर. २०११ च्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखाली झाली. २०२३ साली ते गेले. पण त्यांच्या हाताखाली पहाटे पाणी मारणारी, भर उन्हात रोलर ओढणारी, पाऊस आला की ताडपत्री घेऊन धावणारी माणसं आहेत, त्यांची नोंद कुठल्याच धावफलकावर होत नाही. मुंबईतल्या मैदानांवर हे काम कित्येक वर्षं कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी केलं आहे.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना होऊ नये म्हणून राजकीय कार्यकर्त्यांनी खेळपट्टी उखडली. कुणाचा राग कशावर निघावा! माळ्याच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीवर एका रात्रीत कुदळ चालली. १९९६ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध इथे पहिल्यांदा दिव्यांच्या प्रकाशात सामना झाला. मार्क वॉचं शतक, सचिनच्या ९० धावा आणि १६ धावांचा पराभव. तेव्हापासून कचेरी सुटल्यावर सामना पाहता यायला लागला, ही सोय मोठीच होती. पण दिव्यांबरोबर दूरचित्रवाणीचे पैसे आले आणि तिकिटाची किंमतही चढली.

मग २०११. विश्वचषकासाठी जुनं वानखेडे बहुतेक सगळं उतरवलं गेलं. काँक्रीटच्या पायऱ्यांच्या जागी एकेकाची खुर्ची, वर खांबांशिवाय तोललेलं पांढऱ्या कापडी छताचं वलय, बाहेर पडायला रुंद वाटा. सोय खरोखरच वाढली. म्हाताऱ्या माणसाला आता तिथे बसताना पाठ धरून बसावं लागत नाही. पण पूर्वी पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं मावत, ती संख्या तेहतीस हजारांवर आली. त्यातल्या जागा क्लबांच्या, प्रायोजकांच्या, पाहुण्यांच्या, क्रिकेट मंडळांच्या. २ एप्रिलच्या अंतिम सामन्याला तिकीटखिडकीवर सामान्य माणसासाठी जी तिकिटं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाटावीत अशी होती. जागांचा जो तिढा सोडवायला १९७४ मध्ये हे स्टेडियम बांधलं, तोच तिढा याच स्टेडियमच्या दाराशी पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच की आता असोसिएशन आतल्या बाजूला होती.

तो सामना मी अंजनवेलमध्ये पाहिला. देवळाच्या सभामंडपात पडदा लावला होता. जयवर्धनेचं शतक, श्रीलंकेच्या २७४. सेहवाग आणि सचिन लवकर गेले तेव्हा मंडपात बायकांनी देवाला नारळ बोलला. मग गंभीरच्या ९७, धोनीच्या नाबाद ९१ आणि कुलशेखराला लाँग ऑनवरून मारलेला तो षटकार. यजमान देशाने आपल्याच भूमीवर विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मध्यरात्री गावात ताशे वाजले. त्या आनंदात कुणाला कशाची उणीव भासली नाही, आणि तसंच असायला हवं होतं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनने आपली दोनशेवी आणि शेवटची कसोटी इथेच खेळली, पुन्हा वेस्ट इंडीजविरुद्ध. ७४ धावा. मुलाला मैदानावर प्रत्यक्ष खेळताना त्याच्या आईने पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर सरही चाकाच्या खुर्चीत तिथे होते. शिवाजी पार्कवर पोरांना स्कूटरवरून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेणाऱ्या त्या माणसाने मुंबईला किती खेळाडू दिले! तिकिटं मात्र संकेतस्थळावर काढली तेव्हा संकेतस्थळच कोलमडलं.

आज वानखेडेच्या स्टँडांवर मोठी नावं आहेत: विजय मर्चंट, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर. दारांवर विनू मांकड आणि पॉली उम्रीगर. मे २०२५ मध्ये अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा यांची नावं दिली गेली. ज्या मर्चंटांनी ब्रेबॉर्नवर आमदारांच्या सामन्याला नकार दिला असं सांगतात, त्यांच्याच नावाचा स्टँड वानखेडेवर आहे, हा मुंबईच्या क्रिकेटचा मोठेपणा. जुनं भांडण विसरून गुणाला मान देण्याची ही रीत मला आवडते. म्हणूनच त्या रांगेत पालवणकर बाळूंचं नाव यावं असं मी मनापासून म्हणतो. ज्याला पॅव्हिलियनबाहेर चहा दिला, त्याच्या नावाच्या स्टँडमध्ये मुंबईने बसावं.

मार्च २०२४ मध्ये रणजीचा अंतिम सामना इथे झाला, मुंबई विरुद्ध विदर्भ. विदर्भाच्या माणसाने मुंबईत बांधलेल्या, त्याच्याच नावाच्या मैदानावर विदर्भाचा संघ करंडकासाठी लढला. मुंबई १६९ धावांनी जिंकली, तिचं ते बेचाळिसावं विजेतेपद. शेषरावांनी तो सामना पाहायला हवा होता.

दरवर्षी आयपीएलच्या एका सामन्याला मुंबई इंडियन्स स्वयंसेवी संस्थांच्या शाळांतली हजारो मुलं वानखेडेवर आणतात. स्टँडच्या स्टँड निळ्या टोप्या घातलेल्या पोरांनी भरून जातात. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: ठरवलं तर हे करता येतं. बसगाड्या मिळतात, खाऊ मिळतो, सुरक्षाही जमते. मग हे वर्षातून एकाच दिवशी का? प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याला किमान एक पूर्ण स्टँड खिडकीवर, रेल्वेच्या मासिक पासाएवढ्या दरात विकला जावा. त्यातला ठरलेला वाटा महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना, आणि शहरातल्या मैदानांच्या माळ्यांना सहकुटुंब मिळावा. अंजनवेलच्या शाळेतली मुलं आदल्या दिवशी एसटीने निघून आली तर त्यांनाही त्यात जागा असावी. असोसिएशनचं उत्पन्न थोडं कमी होईल. मुंबई क्रिकेट असोसिएशन आज इतकी सधन आहे की तिला ते परवडेल, आणि ज्या कामासाठी तिच्या अध्यक्षाने हे स्टेडियम बांधायला घेतलं ते काम त्याने पुरं होईल.